उपास सोडताना ज्याचं त्याचं ताट

आम्ही नागपूरच्या मनीषनगरातल्या बचत गटाच्या बाया. आषाढी झाली की श्रावण सोमवार, मग हरतालिका, मग नवरात्र. आमच्यातल्या बऱ्याच जणी नऊ दिवस धरतात, काही जणी कोराडीला पायी जातात. उपास कसा करायचा हे आम्ही तुम्हाला काय सांगणार! आजचं बोलणं उपास सोडण्याबद्दल आहे.

नवरात्रात आमच्या गटातल्या सासू-सुनेनं एकाच गंजातली साबुदाण्याची उसळ खाल्ली. दोन तासांनी मशीनवर साखर पाहिली. काकूंचा आकडा चांगलाच चढला होता, सूनबाईचा मात्र फारसा हलला नव्हता. काकू अंगानं काटक, सूनबाई भरलेली. सगळ्या म्हणाल्या, मशीन बिघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं तर तेच.

असं का होतं? पोट रिकामं असलं की शरीर आधी लिवरात साठवलेली साखर वापरतं. ती साधारण दिवसभरात संपत येते, मग चरबीवर काम चालतं. आपण खाल्लं की रक्तात साखर येते आणि इन्शुलिन तिला आत नेतं. त्यातली बरीचशी जाते स्नायूंमध्ये. ज्या बाईचे स्नायू कमी, पोटात आतल्या बाजूला चरबी जास्त, तिच्याकडे साखर ठेवायला जागा कमी. ती बाहेरून बारीक दिसते, एवढाच फरक. वय, झोप, आईवडलांकडून आलेला मधुमेह, पाळी थांबलेली असणं, याचाही परिणाम होतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःवरच दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून “मी बारीक आहे, मला काय होतं” हे बोलणं आम्ही गटात बंद केलं आहे.

इस्राएलमध्ये २०१५ साली ८०० माणसांची साखर आठवडाभर सतत मोजली, तिथंही हेच दिसलं. जेवण तेच, पण साखर प्रत्येकाची वेगळी चढते.

आता ताटाकडे येऊ. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास नुसतं पिष्ट असतं, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. उसळीला जो काही दम आहे तो शेंगदाण्याचा. शेतात दिवसभर निंदण करणाऱ्या तरण्या बाईला ही उसळ चालून जाते, ती राबून जिरवते. दिवसभर मशीनवर शिवण करणाऱ्या, पन्नाशीच्या बाईनं तेवढीच वाटी घेऊ नये. तिनं आधी वाटीभर दही किंवा दाण्याची आमटी, काकडी घ्यावी आणि मग थोडी भगर. आधी प्रथिनं आणि भाजी, पिष्ट शेवटी, एवढा क्रम बदलला तरी साखर कमी चढते. पारण्याला पुरणपोळी असेल तर तीही वरण, भाजी खाऊन झाल्यावर. नुसता गोड शिरा किंवा साखरेचं सरबत पहिल्या घोटाला नको. पित्त होणाऱ्या बाईनं रिकाम्या पोटी चहा टाळावा. रक्त कमी असेल तर जेवणाला लागून चहा नकोच, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आपल्याला काय मानवतं हे कळायला फार काही लागत नाही. जेवल्यावर दोन तासांनी झोप येते का, हातपाय थरथरतात का, की लगेच पुन्हा भूक लागते, एवढं दोन-तीन उपासांना लक्षात ठेवा. घरात कुणाला मधुमेह असेल तर उपकेंद्रात साखर तपासून घ्या.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम खाली येऊन बाई बेशुद्ध पडू शकते. गोळी आपल्या मनानं बंदही करू नये. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं कडक उपास धरू नये.

आणि आपल्या पूर्व विदर्भाची गोष्ट, सिकलसेलची. ज्या मुलीला हा आजार आहे तिच्या अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि हाडं फोडल्यासारखं दुखतं. तिला हरतालिकेचा निर्जळ उपास करायला लावू नका. घरात कुरकुर झाली तर मोठ्या जावेनं किंवा सासूनंच पुढं होऊन तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यावा. आमच्या गल्लीत एका सासूबाईंनी तो दिला, आणि पूजा नेहमीसारखी झाली.