दिवा झाकणारा हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चित्रावर बोलायला मला उभे केलेत, तेव्हा सातवीपर्यंत शिकलेल्या बाईकडून जे निघेल ते गोड मानून घ्या. हे चित्र तुम्ही कुठल्यातरी भिंतीवर, नाहीतर कॅलेंडरावर पाहिले असेल. एका हातात दिवा घेतलेली, दुसरा हात ज्योतीपुढे आडवा धरलेली बाई. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्याला ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेचा प्रकाश, असे म्हणतात.

पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचे समजतात. पण रविवर्मा १९०६ सालीच वारले. हे चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले, तेही जलरंगात. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. या गीताताई उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ साली आपल्या कोल्हापुरात वारल्या. चित्र घरोघरी गेले. बापलेकीचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक!

सगळे तिचा चेहरा बघतात. मी म्हणते, हात बघा. ज्योत हाताआड आहे, उजेड बोटांतून तांबूस झिरपतो. देव्हाऱ्यापासून तुळशीपर्यंत दिवा नेणारीला हे लगेच कळेल. वारा येईल तिकडे हात धरायचा. फार जवळ नेला तर चटका, लांब नेला तर दिवा गेला! तिचा चेहरा शांत दिसतो, कारण सारे लक्ष त्या हातात आहे. लोक आशा म्हणोत, मला ती काम करताना दिसते.

जलरंगात उजेडाच्या जागी कागद कोरा राखतात आणि भोवतीने अंधार रंगवतात. एकदा रंग गेला की तो कोरेपणा परत येत नाही. म्हणजे इकडे लेक ज्योत जपते आहे आणि तिकडे बाप कागद.

फ्रान्समध्ये बर्थ मोरिसो नावाच्या बाईने १८७२ साली आपल्या बहिणीचे चित्र काढले. पाळण्यात तान्हे बाळ, शेजारी आई, आणि तिचा हात पाळण्याच्या झिरझिरीत पडद्यावर. बघणाऱ्याच्या आणि बाळाच्या मध्ये तिने तो पडदा ओढून धरला आहे. देश कुठला, पोशाख कुठला, पण हात ओळखीचा वाटतो.

दिव्याच्या चित्राची एक छापील प्रत आणली आहे. चहा येईपर्यंत हातोहात फिरवा. मागे बापलेकीची दोन्ही नावे लिहिली आहेत, तीही वाचा.