मुळशीचें पाणी

उन्हाळा सरतां सरतां पुण्याच्या मंडईंत करवंदें व जांभळें येतात, आणि मृगाच्या सरी पडल्या कीं टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या जुड्या दिसूं लागतात. इमारतीच्या आंत गाळे मांडून बसलेल्यांचा हा माल नव्हे. डोंगराकडच्या बाया भल्या पहांटे पाट्या घेऊन येतात आणि बाहेर जागा मिळेल तेथें फडकें अंथरतात. गिऱ्हाईक घासाघीस करतें, पिशवी भरतें, पण बाईचें गांव कोणतें हें सहसा विचारीत नाहीं. विचारलें तर वेल्हें, पौड, मुळशी अशीं नांवें कानीं पडतात. यांपैकीं मुळशी पुणेंकरांच्या विशेष परिचयाची. कारण पावसाळ्याच्या रविवारीं निम्में पुणें तिकडे लोटतें.

तेथें पाहण्यासारखें पुष्कळ आहे हें निर्विवाद. चांदणी चौक मागें टाकून भूगांव, पिरंगुट, पौड अशीं गांवें घेत 40-45 किलोमीटर गेलें कीं डोंगरांच्या बेचक्यांत विस्तीर्ण जलाशय दिसूं लागतो. रस्ता पुढें ताम्हिणीस जातो. तेथें विंझाईचें देऊळ आहे. या मुलुखांत ठिकठिकाणीं देवराया आहेत. जीं झाडें गांवानें देवाच्या नांवें सोडलीं त्यांना कुऱ्हाड लागली नाहीं. सरकारनें ताम्हिणी अभयारण्य 2013 सालीं जाहीर केलें, परंतु गांवकऱ्यांनीं देवाच्या धाकानें राखलेलें अभयारण्य त्याहून कितीतरी जुनें. नशीब असेल तर एखादें शेकरूहि दृष्टीस पडतें. गड चढण्याची हौस असणाऱ्यांना कैलासगड, घनगड, कोरीगड आहेत. पायपिटीची आवड असणाऱ्यांना पिंपरीहून कोंकणांतील भिऱ्यास उतरणारी अंधारबनाची वाट आहे. मुसळधार पावसांत मात्र या वाटेस जाऊं नये. ओढे घटकेंत फुगतात.

शिवकालाच्या इतिहासांत ज्यांना मावळे म्हणतात ते याच खोऱ्यांतले शेतकरी. बारा मावळांत पौड मावळाची गणना होते. गडावर तरुण मंडळी मावळ्यांचा जयजयकार करतात, तो योग्यच आहे. परंतु त्यांच्याच वंशजांचें जें झालें, त्याची खूण गडावर नसून खालच्या पाण्यांत आहे.

हा जलाशय जेमतेम शंभर वर्षांचा. 1919 सालीं स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीनें मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशीं धरण योजिलें. पाणी पुण्याकडे सोडावयाचें नाहीं. सह्याद्रीच्या पोटांतून तें पश्चिमेस न्यावयाचें, सुमारें 500 मीटर खालीं भिरा येथें पाडावयाचें, आणि त्यापासून होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, असा बेत होता. विद्युत्शास्त्राच्या दृष्टीनें तो नामी होता हें मान्य केलें पाहिजे. 1927 सालीं तो सिद्धीस गेला, आणि भिऱ्याची वीज आजहि मुंबईस जाते.

बुडावयाची जमीन होती ती भाताची, आंबेमोहराची. पन्नासाच्या आसपास गांवें, त्यांतलीं देवळें, खळीं, स्मशानें, सर्व कांहीं पाण्याखालीं जाणार होतें. 1894 च्या भूसंपादन कायद्यान्वयें सरकारनें जमिनी घेऊन कंपनीस दिल्या. 1921 सालच्या रामनवमीस, म्हणजे 16 एप्रिल रोजीं, सुमारें बाराशें माणसें धरणाच्या जागीं जाऊन बसलीं. त्यांत बायाहि होत्या. शंकरराव देव, भुस्कुटे आदि कार्यकर्ते पुढें होते. काम थांबलें. कंपनीनें सहा महिन्यांची तहकुबी दिली आणि मुदत सरल्यावर पुन्हां काम धरलें. पुढील झुंजींत पांडुरंग महादेव बापट यांनीं जें नेतृत्व केलें त्यावरून त्यांना ‘सेनापति’ म्हणूं लागले. पुण्यांत व मुंबईंत त्यांच्या नांवाचे रस्ते आहेत. त्या रस्त्यांनीं रोज जाणाऱ्यांपैकीं किती जणांना ही पदवी मुळशीच्या शेतकऱ्यांमुळें मिळाली हें ठाऊक असेल, याची शंका आहे. ‘जान किंवा जमीन’ ही त्या वेळची घोषणा. अखेरीस कंपनीची रेल्वे अडविल्याबद्दल बापटांना सात वर्षांची सजा झाली, आणि 1931 सालीं ते सुटले तेव्हां धरण भरून चार पावसाळे लोटले होते.

येथवरचा भाग पुणेंकर अभिमानानें सांगतात. सत्याग्रहांत पुण्याचे स्वयंसेवक होते, पुण्याच्या वर्तमानपत्रांनीं कैवार घेतला. पण दुसरीहि बाजू आहे, आणि ती पुण्याच्या पेठांतली आहे. जो मावळा जमीन कसत होता त्याच्या नांवावर ती असेच असें नाहीं. पुष्कळ जमिनी गहाण पडलेल्या किंवा कर्जापायीं गेलेल्या. खत-पत्र सावकाराच्या पेटींत, आणि सावकार पुण्यास राहणारा. मोबदला मिळावयाचा तो कागदाच्या धन्यास. तेव्हां जमीन जाऊं नये असें कुळास वाटे, आणि किंमत चांगली यावी असें सावकारास. लढ्याची फळी फुटली ती इथें. राजेंद्र व्होरा यांनीं 2009 सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत हें सविस्तर दाखविलें आहे. धरणाविरुद्धची जगांतील पहिली चळवळ असें त्यांनीं तिचें वर्णन केलें. योगायोग असा कीं, 1924 सालीं, मुळशीचा लढा मावळत असतां, मंडईंतल्या टिळकांच्या पुतळ्याचें अनावरण मोतीलाल नेहरू यांनीं केलें. आणि 1938 सालीं त्याच मंडईस ज्या महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें, त्यांनीं सावकाराच्या विळख्यांत सांपडलेल्या शेतकऱ्याची कैफियत ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत 1883 सालींच लिहून ठेविली होती. नगरपालिकेचे सभासद असतांना या बाजाराच्या इमारतीवरील खर्चासहि त्यांचा विरोध होता!

अशी कहाणी केवळ मुळशीची नाहीं. अमेरिकेंत मिसिसिपीकडे राहणाऱ्या चॉक्टॉ नांवाच्या मूलनिवासी लोकांना 1830 च्या तहानें आपला मुलूख सोडावा लागला, आणि 1831 पासून शेंकडों मैल पश्चिमेस, आजच्या ओक्लाहोमा राज्यांत, हांकलून नेण्यांत आलें. वाटेंत थंडीनें व पटकीनें हजारों दगावले. तेथें टुस्काहोमा या गांवीं त्यांनीं 1884 सालीं आपलें विटांचें सभागृह बांधलें. जवळच पुढें सार्डिस नांवाचा बांधीव जलाशय झाला. आज प्रवासी तेथें मासे धरण्यास व नौकाविहारास जातात आणि त्याच फेरींत सभागृह पाहतात. कारण चॉक्टॉंनीं तें वस्तुसंग्रहालय म्हणून नीट राखलें आहे व दर वर्षीं सप्टेंबराच्या आरंभीं तेथें त्यांचा मोठा मेळा भरतो. दूरच्या ओक्लाहोमा शहरानें सार्डिसच्या पाण्यावर हक्क सांगितला तेव्हां, 2011 सालीं, चॉक्टॉ व त्यांचे शेजारी चिकसॉ न्यायालयांत गेले. 2016 सालीं तडजोड झाली. शहरास पाणी मिळालें, पण जलाशयांत किती पाणी राखावयाचें यास मर्यादा पडली आणि पाण्याच्या कारभारांत त्या लोकांचा शब्द राहिला.

मुळशीचें पाणी पूर्वेकडे वळवून पुण्यास द्यावें अशी मागणी अधूनमधून निघत असते. पुण्याची तहान खरी आहे. परंतु त्या चर्चेंत कंपनीचें नांव येतें, महापालिकेचें येतें. ज्यांच्या खाचरांवर तें पाणी उभें आहे त्यांचें नांव क्वचितच येतें. चॉक्टॉंपाशीं सभागृह होतें, वकील होते, एकत्र राहिलेला समाज होता. मुळशीचे लोक काठावर, वरच्या डोंगरांत, पुण्यांत, मुंबईंत असे विखुरले गेले.

श्रोत्यांपैकीं ज्यांस तिकडे जावयाचें असेल त्यांनीं एकदां आषाढाऐवजीं चैत्रांत, रामनवमीच्या सुमारास जावें. गर्दी नसते, पाणी ओसरलेलें असतें, काठाची तांबूस माती उघडी पडते. चहासाठीं थांबाल तेथें एखादे वृद्ध गृहस्थ बसलेले असतील, तर “बाबा, आपलें मूळ गांव कोणतें?” एवढें विचारावें. आणि परततांना तांदूळ घ्यावयाचा असेल तर शेतकऱ्याच्या घरचाच घ्यावा. शहरांत आंबेमोहर म्हणून विकला जाणारा पुष्कळसा तांदूळ परप्रांतांतून आलेला, दिसावयास तसाच पण जातीनें निराळा असतो. खरा असेल तर शिजतांना शेजारच्या घरींहि कळतें.