वारा आणि लहान विमान

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात शायेन नावाचे शहर आहे. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. दि. ११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास तेथून सेस्ना जातीचे एक एकइंजिनी विमान निघाले. आत तिघे होते : सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि वैमानिक. एवढ्या कोवळ्या वयात देश ओलांडण्याचा विक्रम तिच्या नावावर लागावा, ही हौस होती. वास्तविक अशा विक्रमाची नोंद घेणारी अधिकृत संस्था कोणतीच नव्हती! प्रवासाचा तो दुसरा दिवस. ठिकठिकाणी वार्ताहर वाट पाहत होते.

वादळ विमानतळावर येऊन ठेपले होते. वाऱ्याचा वेग वीस नॉट, आणि झोत आला की तीस. नुकत्याच निघालेल्या दुसऱ्या एका वैमानिकाने वाऱ्याचा वेग एकाएकी पंधरा नॉटांनी कमीजास्त होत असल्याचे कळविले होते. शायेनमध्येच मुक्काम करावा, असे गावातील एका नभोवाणी केंद्राच्या अधिकाऱ्याने सुचविले होते. पण वादळ गाठण्याआधी निसटून जाऊ, असा वैमानिकाचा हिशेब होता.

समोरून वाहणारा वारा उड्डाणास साह्यच करतो. घातक असतो तो त्याचा लहरीपणा. विमानाला तोलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. झोत एकाएकी ओसरला की तेवढा वेग पंखांखालून काढून घेतल्यासारखा होतो. मोठ्या जेट विमानाला दहा नॉट गेल्याचे फारसे जाणवत नाही. साठ-सत्तर नॉटांवर चढणाऱ्या लहान विमानाची मात्र तीच सारी शिल्लक असते. अशा वेळी नाक वर उचलून धरावे, तर पंखांवरील प्रवाह तुटतो व विमान कोसळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. वळण घेताना तर हा धोका अधिक वेगावरच ओढवतो.

शायेन येथे आणखी दोन गोष्टींची भर पडली. विमानात मर्यादेपेक्षा ९६ पौंड वजन अधिक होते. आणि उंचावरील विरळ हवेत इंजिनाचा जोर उणावलेला होता. वैमानिकाचा सराव कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठचा. विरळ हवेत जमीन नेहमीपेक्षा झपाट्याने मागे सरते, त्यामुळे वेग पुरेसा असल्याचा भास होतो. वारा पाठीशी आला, की हा भास आणखी वाढतो.

पावसात विमान कसेबसे उचलले गेले, वादळ टाळण्यासाठी उजवीकडे वळले, आणि काही शे फुटांवरूनच वस्तीत कोसळले. जमिनीवर कोणास इजा झाली नाही. आतले तिघेही जागीच गेले.

वेग राखता न आल्याने स्टॉल झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. वार्ताहरांना दिलेल्या वेळा पाळण्याच्या घाईचाही अहवालात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला : विक्रमासाठी चाललेल्या उड्डाणात परवाना नसलेल्याच्या हाती विमान देऊ नये.