किशोरवयातील रक्तक्षय आणि घरचे आहारशिक्षण

किशोरवय, म्हणजे 10 ते 19 वर्षांचा काळ, हा झपाट्याने होणाऱ्या वाढीचा काळ असतो. या वयात स्नायूंबरोबर रक्ताचे एकूण प्रमाणही वाढत असल्याने शरीराला अधिक लोह लागते आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळीतील रक्तस्रावामुळे ही गरज आणखी वाढते. ती भागली नाही, तर हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू शरीरभर पोहोचवणारे रक्तातील लोहयुक्त प्रथिन, कमी पडते आणि त्या अवस्थेला रक्तक्षय किंवा ॲनिमिया असे म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुली आणि 31 टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. जिना चढताना धाप लागणे, सतत थकवा येणे, अभ्यासात लक्ष न लागणे या लक्षणांना घरात बहुधा आळस समजले जाते, म्हणून उपचार लांबतो.

रक्तक्षय टाळण्यासाठी महागडे पदार्थच लागतात असे नाही. कोणता पदार्थ कशासोबत खावा, हे कळणेही तितकेच आवश्यक असते. कडधान्ये, बाजरी, अळीव, पालेभाज्या यांतील लोह मांस-मासळीतील लोहापेक्षा कमी प्रमाणात शोषले जाते. परंतु लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व ते शोषण वाढवते, तर चहातील टॅनिन नावाचे द्रव्य त्यात अडथळा आणते. त्यामुळे पोह्यांवर लिंबू पिळून लगेच कपभर चहा घेतल्यास लिंबाचा लाभ बराचसा वाया जातो. चहा तासाभराने घेणे हिताचे ठरते. मटकी किंवा मूग भिजवून मोड आणले, तर लोहाला बांधून ठेवणारे फायटेट हे द्रव्यही कमी होते.

ही माहिती तोंडी सांगून संपत नाही. मोड आणणे, ताटाची आखणी करणे आणि तपासणीचा अहवाल वाचणे ही कामे मुलगा व मुलगी दोघांनाही शिकवावीत. बारा वर्षांवरील मुलीच्या 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमपेक्षा, तर पंधरा वर्षांवरील मुलाच्या तेवढ्याच रक्तात 13 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास तो रक्तक्षय मानला जातो, हे त्यांना ठाऊक असावे. ज्या घरात स्त्रिया व मुली सर्वांत शेवटी जेवतात, तेथे उसळ-भाजी त्यांच्या वाट्याला कमी येते. सर्वांनी एकत्र बसून जेवणे हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

शाळांतून दर आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. तिने शौचाचा रंग काळपट झाला तरी घाबरण्याचे कारण नसते, हे आधीच सांगितल्यास मुले गोळी मध्येच सोडत नाहीत. आतड्यातील जंत, विशेषतः अनवाणी चालण्यातून पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरणारा अंकुशकृमी, रक्त शोषत असल्याने जंतनाशक गोळी, पादत्राणे आणि शौचालयाचा वापर यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

तथापि प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो, असे नाही. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आनुवंशिक विकार आहेत; म्हणून नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर स्वतःच मात्रा न वाढवता प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढील तपासणी करून घ्यावी.