चूक गृहीत धरणारे शास्त्र
(नागपूर येथे संगणक-संपर्क विषयाच्या अध्यापकांच्या अधिवेशनात केलेले अध्यक्षीय भाषण)



 अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच थराविषयी बोलणार आहे : डेटा लिंक थर. आपल्याकडे तो परीक्षेतल्या दोन प्रश्नांपुरता शिकवला जातो. माझ्या मते अभियंत्याची निर्णयबुद्धी खरी घडते ती इथेच.

तार असो, काच असो की हवा, पाठवलेले बिट जसेच्या तसे पोचतील याची हमी कोणतेच माध्यम देत नाही. घेणाऱ्याची ताकद पाठवणाऱ्याच्या वेगाला पुरेल, याचीही खात्री नसते. त्रुटीनियंत्रण आणि प्रवाहनियंत्रण हे या दोन अडचणींवरचे उपाय आहेत. चूक होणार हे आधीच मान्य करून विश्वासार्हता उभी करायची, हा या शास्त्राचा पाया.

इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ४ बाइटची सीआरसी असते. सलग ३२ बिटांच्या आतला कोणताही बिघाड ती हमखास पकडते. पण पकडल्यावर पुढे काय? इथरनेट ती फ्रेम गुपचूप टाकून देते. पुन्हा मागवण्याचे काम वरच्या थरातल्या टीसीपीवर सोपवते. वायफायमध्ये एकाच यंत्रासाठी पाठवलेल्या फ्रेमची पोच लगेच मागितली जाते आणि ती आली नाही तर फ्रेम पुन्हा पाठवली जाते. दोन्ही निर्णय योग्यच आहेत. तारेत बिघाड क्वचित होतो, हवेत तो पावलोपावली होतो. माध्यम पाहून उपाय ठरवायचा, हे विद्यार्थ्याच्या मनात ठसले पाहिजे.

आता प्रवाहाकडे वळू. सर्वांत साधी रीत म्हणजे एक फ्रेम पाठवा, पोच येईपर्यंत थांबा. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन लोहमार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात, तिथल्या श्रोत्यांना ही रीत नवी नाही. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. ही शिस्त सुरक्षित आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. ती किती, ते फळ्यावर मांडून पाहू.

नागपूर ते मुंबई ८०० किलोमीटरची फायबर धरा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला ४ आणि पोच परत यायला ४, असे ८ मिलिसेकंद लागतात. वेग १ गिगाबिट असेल, तर १५०० बाइटची फ्रेम तारेवर चढायला फक्त १२ मायक्रोसेकंद पुरतात. उरलेला सारा वेळ वाट पाहण्यात जातो. सेकंदाला जेमतेम १२५ फ्रेम जातात, म्हणजे गिगाबिटच्या मार्गावरून दीड मेगाबिट! मार्ग भरलेला ठेवायचा तर पोचेची वाट न पाहता साडेसहाशेहून अधिक फ्रेम वाटेत असाव्या लागतील. सरकत्या खिडकीची गरज इथून निर्माण होते. एचडीएलसी या जुन्या प्रोटोकॉलच्या ३ बिटी क्रमांकांत ७ फ्रेमच वाटेत राहू शकतात. त्या काळच्या संथ तारांना त्या पुरेशा होत्या. आणि खिडकी किती उघडायची, हे केवळ अंतरावर ठरत नाही. घेणाऱ्याच्या स्मृतीत जागा किती आहे, हेही पाहावे लागते.

पोचच हरवली तर? पाठवणारा तीच फ्रेम पुन्हा धाडतो आणि घेणाऱ्याला ती नवी वाटते. पैसे भरल्याचा संदेश असेल, तर रक्कम दोनदा जमा होईल. म्हणून क्रमांक हवाच. थांबून पाठवण्याच्या रीतीत तो एका बिटाचाही चालतो. एका बिटाच्या अभावी सारा व्यवहार कोलमडू शकतो, हे विद्यार्थ्याला करून दाखवले की तो ते जन्मात विसरत नाही.

काही वेळा पुन्हा मागवण्याची सोयच नसते. १९७१ साली मरिनर ९ यानाने मंगळाची छायाचित्रे पाठवली, तेव्हा चित्रबिंदूचे ६ बिट ३२ बिटांत गुंफून पाठवले जात होते. त्यातले ७ बिट बिघडले, तरी पृथ्वीवर मूळ बिंदू परत मिळत असे. ही गुंफण हादामार्द मॅट्रिक्सवर उभी होती.

इथे नागपूरकरांनी एक नाव अभिमानाने घ्यावे : शरदचंद्र शंकर श्रीखंडे. हे गणितज्ञ याच शहरातल्या शासकीय विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५९ साली त्यांनी राज चंद्र बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे १७८२ सालचे अनुमान खोटे ठरवले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी हादामार्द मॅट्रिक्स आणि चूक सुधारणारे संकेत यांचे नाते सांगणारा शोधनिबंधही लिहिला, हे आपल्या वर्गांत सांगितले जात नाही. बोस यांचा जन्म १९०१ साली होशंगाबादचा. ते गाव ज्या मध्य प्रांतात होते, त्याची राजधानी तेव्हा नागपूरच होती. १९६० साली बोस आणि रे-चौधुरी यांनी मांडलेले, त्याआधी होकेंगेम यांनी स्वतंत्रपणे शोधलेले बीसीएच संकेत आज सीताबर्डीच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानात आहेत. गल्ल्याजवळ चिकटवलेल्या क्यूआर कोडची स्वरूपविषयक माहिती तेच सांभाळतात. कोड थोडा फाटला, मळला तरी पैसे पोचतात, ते अशा गणिताच्या बळावर.

म्हणून माझी अध्यापकांना कळकळीची विनंती आहे. व्याख्या पाठ करून घेणे थांबवा. लिनक्समध्ये नेटएम ही सोय विनामूल्य आहे. तिने मार्गात विलंब घाला, फ्रेम हरवा, त्यांच्या दुहेरी प्रती काढा. आधी विद्यार्थ्याकडून अंदाज कागदावर लिहून घ्या, मग मोजमाप घ्या आणि दोन्हींत फरक का पडला, ते त्यालाच शोधू द्या. आणि हे सारे मराठीतही समजावून सांगा, म्हणजे गडचिरोलीहून आलेल्या मुलाला आधी भाषेशी आणि मग विषयाशी झगडावे लागणार नाही. येत्या सत्रापासून प्रत्येक महाविद्यालयाने असा एक तरी प्रयोग सुरू करावा, एवढेच मागणे आहे.