आजारी तरुण आणि सरकारी दाखला

दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात आर. के. पुरम नावाची सरकारी नोकरांची मोठी वसाहत आहे. रामकृष्णपुरम हे तिचे पूर्ण नाव. पण कचेरीत सगळीच नावे आखूड होतात, तसे तेही झाले. नावांऐवजी आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या तिच्या सेक्टरांतून देशाच्या सर्व प्रांतांतले कारकून, सहायक आणि अधिकारी आपापली भाषा, आपापले सण आणि आपापली चटणी-लोणची घेऊन राहत आले आहेत. निवृत्तीनंतर थोड्याच महिन्यांत घराची किल्ली परत द्यायची, हे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही प्रत्येकाच्या गच्चीत तुळस असतेच.

अशा एखाद्या घराचे चित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. वडील विदर्भातले, तरुणपणी एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले, आता निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली आहेत. मुलगा बावीस वर्षांचा, पदवीधर. उंचीने बेताचा, अंगाने सडपातळ, बोलण्यात हुशार. गणेशोत्सवात भेटणाऱ्या काकू त्याच्याकडे पाहून म्हणतात, "चांगला धडधाकट तर दिसतो हो! मग नोकरी का बघत नाही?" आई काहीतरी बोलून विषय बदलते. कारण खरे उत्तर द्यायचे तर रक्तातल्या एका पेशीची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती प्रसादाच्या रांगेत सांगण्यासारखी नव्हे.

ती गोष्ट सिकलसेलची. निरोगी माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते, आणि सुमारे १२० दिवस जगते. या रोगात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि दहा-वीस दिवसांतच नाश पावते. पेशी अडकली की पुढच्या भागाचे रक्त तुटते, आणि हाडांतून, छातीतून, पोटातून अशी कळ उठते की मोठी माणसेही ओरडतात. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता चारात एक. वाहकांना स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि म्हणूनच घराला हे ठाऊक होते ते मूल आजारी पडल्यावर.

महाराष्ट्राला हा रोग परका नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यात त्याचे प्रमाण मोठे आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातून झाली, आणि पुढे सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तो समूळ नाहीसा करण्याची राष्ट्रीय मोहीम मात्र १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. नोंद आणि मोहीम यांच्यामध्ये सत्तर वर्षे गेली. एवढ्या अवधीत विदर्भातल्या कित्येक घरांत 'पोर जरा अशक्तच आहे' एवढेच निदान झाले.

दिल्लीची हवा तर या रोगाची वैरीणच. पौषातली बोचरी थंडी आणि ज्येष्ठातले अंगातले पाणी शोषून घेणारे ऊन, दोन्ही कळेला निमंत्रण देतात. वर्षाचे नऊ महिने मुलगा ठीक असतो. उरलेल्या तीन महिन्यांतले काही दिवस तो रुग्णालयात आणि काही दिवस अंथरुणात काढतो. कोणते दिवस, ते आधी कोणालाच ठाऊक नसते. त्याच्या आयुष्यातली खरी अडचण हीच आहे. पाय नसलेल्या माणसाला आपल्याला पाय नाही हे रोज ठाऊक असते. मालकालाही ठाऊक असते. या मुलाला सोमवारी सांगता येत नाही, की गुरुवारी आपण उभे असू की नाही.

अशा माणसाला कायदा काय म्हणतो, हा पुढचा प्रश्न. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा सात प्रकारची अपंगत्वे मानीत असे. अंधत्व, बहिरेपण, अवयवांची विकलता वगैरे, बहुतेक डोळ्यांना दिसणारी. रक्ताचा दोष त्यांत नव्हता. म्हणजे या घरातला मुलगा शाळेत जाऊ लागला, तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीने निरोगी होता. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला, भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि त्या करारानुसार २०१६ चा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सातांचे प्रकार एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन विकार त्यांत आले; मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन हे मज्जासंस्थेचे विकारही आले. व्याख्याही बदलली. दीर्घकालीन दोष आणि समाजातले अडथळे यांच्या संयोगाने ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो अपंग, असे नवा कायदा म्हणतो. दोषाचे माप शरीरात आहे तितकेच ते बाहेरच्या जगातही आहे, हे भारतीय कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले.

व्याख्या उदार झाली. परंतु दारावरचा मोजमापाचा काटा तोच राहिला. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्व लागते. ही टक्क्यांची भाषा जुनी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४० टक्के, असे त्याच्या नंतरच्या स्वरूपात लिहिलेले होते. यंत्रात सापडलेल्या बोटांचा हिशेब त्या भाषेत नीट बसतो. बोट एकदाच तुटते, आणि तुटलेले बोट परत येत नाही. पण येऊन-जाऊन राहणाऱ्या वेदनेचे टक्के किती? मंडळापुढे हजर होण्याच्या दिवशी मुलगा बरा असतो, आणि बरा असतो म्हणूनच तो तेथवर चालत जाऊ शकतो. ज्या दिवशी त्याचे अपंगत्व पूर्ण असते, त्या दिवशी ते दाखवायला जाण्याची शक्ती त्याच्यात नसते.

अर्जाची रीत आता पूर्वीपेक्षा सुटसुटीत आहे. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, छायाचित्र आणि रोगाचे कागद नोंदवायचे. मग ठरवून दिलेल्या रुग्णालयाने बोलावले की जायचे. मंडळाने अपंगत्व मान्य केले तर प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. ते देशभर चालते ही गोष्ट बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबाला मोठी आधाराची. नागपूरला परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. निर्णयासाठी नियमांत पूर्वी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली. अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते, आणि त्यावर नव्वद दिवसांच्या आत अपील करता येते. हे शेवटचे वाक्य पुष्कळांना ठाऊक नसते. नकार म्हणजे शेवट, असे समजून ते घरी बसतात.

या व्याधीच्या प्रमाणपत्रात आणखी एक पेच आहे. ते बहुधा तात्पुरते असते. पूर्वी त्याची मुदत एक वर्षाची होती, पुढे ती तीन वर्षांची करण्यात आली. दरवर्षीचा हेलपाटा वाचला, हे चांगलेच झाले. तरी रोग जन्मभराचा आणि दाखला तीन वर्षांचा, ही विसंगती उरतेच. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेत मुलगा पंचविशीपर्यंत, किंवा कमावू लागेपर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर, वडिलांच्या पत्रावर औषध घेऊ शकतो. अपंगत्व असल्यास वयाची अट नाही. पण तेथे नियमाचा शब्द 'कायमचे' अपंगत्व असा आहे. दिल्लीत १९५४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेवर आर. के. पुरममधल्या घरांचा मोठा भरवसा. ज्या घरात महिन्याचे औषध आणि अधूनमधून रक्त लागते, तेथे मुलाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पेढे वाटताना आईच्या मनात काय येत असेल, ते सांगायला नको.

मग दाखला मिळाला, तर पदरात पडते काय? उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि चाळीस टक्क्यांचे सर्व प्रकार तेथे पात्र आहेत. सरकारी नोकरीत चार टक्के जागा आहेत. मात्र ज्या प्रकारांसाठी त्या वाटून दिल्या आहेत, त्यांत रक्ताच्या विकारांचा समावेश नाही. म्हणजे शिकण्यापुरता हा मुलगा अपंग, आणि नोकरी मागण्यापुरता धडधाकट! केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनात २०१२ पासून दरमहा ३०० रुपये आहेत. पण त्यासाठी ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे घर लागते. दिल्ली सरकारचे साह्य त्याहून बरेच मोठे असले, तरी त्यालाही उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि सरकारी पगाराचे घर तिच्यात बसत नाही.

या घराला खरा आधार आहे तो दुसरीकडे, आणि तो पुष्कळदा दृष्टीआड राहतो. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मागे अपंग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते, आणि तेथे पंचविशीची मर्यादा नाही. अट अशी, की त्या अपंगत्वामुळे त्याला उपजीविका मिळवता येऊ नये. ८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत उपजीविकेची ही सीमा ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता एवढी होती. त्या दिवसापासून ती बदलली: अपत्याचे इतर उत्पन्न कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या सर्वसाधारण दरापेक्षा, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांपेक्षा, कमी असले म्हणजे पुरे. हा बदल दिसायला लहान, पण अर्थाने मोठा. बऱ्या दिवसांत चार शिकवण्या घेणाऱ्या, घरबसल्या हिशेब लिहिणाऱ्या मुलाला आता आपली थोडी कमाई लपवण्याचे कारण नाही. शिवाय वडिलांना आपल्या हयातीतच अपत्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या कागदात नोंदवून घेता येते. जे काम बाप जिवंतपणी दोन फेऱ्यांत करू शकतो, तेच त्याच्या मागे आजारी मुलाला वर्षभर पुरते.

न्यायालयानेही एक दार उघडले आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराने परीक्षेत लेखनिक मागितला होता. चाळीस टक्क्यांचा दाखला नाही, म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की चाळीस टक्के ही राखीव जागांसारख्या विशेष सवलतींची अट आहे, माणसाला बरोबरीने वागवण्याची नव्हे. गरजेनुसार सोय करून देणे हा उपकार नसून हक्क आहे. ज्यांचा काटा एकोणचाळिसावर थांबतो, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

हे सारे खरे असले, तरी अर्ज भरायला बसलेल्या तरुणाची अडचण कलमांनी सुटत नाही. आर. के. पुरममधल्या त्या घरात अर्ज तीन महिने तसाच पडून आहे. वडील विचारतात, "अरे, कागद सगळे आहेत, मग अडले कुठे?" मुलगा म्हणतो, "बाबा, त्यात काय काय जमत नाही ते लिहायचे आहे." शाळेपासून त्याने एकच विद्या कमावली, ती आजार लपवण्याची. मुलाखतीत त्याला सांगायचे असते, की मी हे काम करू शकतो. मंडळापुढे सांगायचे, की मी करू शकत नाही. दोन्ही खरे आहे. पण एकाच तोंडाने ही दोन्ही सत्ये सांगताना बाविसाव्या वर्षी जीभ अडखळते, आणि आपण कोठेतरी खोटे बोलत आहोत असे वाटू लागते.

यावर आईनेच एक साधा उपाय काढला. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती पूर्वी दुधाचा हिशेब मांडी. आता तेथे मुलाच्या आजाराचाही मांडू लागली. कोणत्या तारखेला कळ उठली, किती दिवस टिकली, कोणते औषध लागले, रक्त चढवले की नाही, कोणती परीक्षा किंवा कोणते काम हुकले. रुग्णालयाचा प्रत्येक कागद तारखेनुसार एका फायलीत. मंडळ एका सकाळीचा मुलगा पाहते. त्या फायलीत त्याचे अख्खे वर्ष असते. डॉक्टरही शेवटी कागदावरूनच निर्णय देतो, आणि बोलायला संकोचणाऱ्या माणसाच्या वतीने कागद निःसंकोच बोलतो. विनवणी नको आणि अतिशयोक्तीही नको. घडले ते तारखेसह मांडावे. हा अर्ज दयेचा नाही, हिशेबाचा आहे, हे एकदा मनाने घेतले की हात थरथरत नाही.

कायद्याकडून आणखी मागण्यासारखे पुष्कळ आहे. नोकरीतल्या राखीव जागांत रक्ताच्या विकारांना स्थान हवे. जन्मभराच्या रोगाला जन्मभराचा दाखला हवा. ही मागणी संघटनांनी करावी, लोकप्रतिनिधींनी उचलावी. पण शेजाऱ्यांकडून मागायचे आहे ते याहून थोडे आणि विनामूल्य. आज हसत जिना उतरलेला मुलगा परवा अंथरुणात असू शकतो, आणि त्याचे दोन्ही दिवस खरे असतात, एवढे त्यांनी मानावे. धडधाकट दिसणे हा कोणाचाही अपराध नव्हे.

त्या घरात अर्ज अखेर भरला गेला, तो एका रविवारी दुपारी. अपंगत्वाच्या प्रकारापुढे मुलाने सिकलसेल असे नोंदवले आणि वडिलांकडे पाहिले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, आईने दिलेली फाइल उघडली आणि पहिली तारीख मोठ्याने वाचली.