गल्लीचाही एक फोटो हवा

घरातला जुना अल्बम एकदा उघडून बघा. लग्न, मुंज, बारसं, महाबळेश्वरची सहल, गेटवे ऑफ इंडियासमोर रांगेत उभं राहिलेलं कुटुंब, सगळं असेल. आता त्यात आपल्या इमारतीचा जिना शोधा. कोपऱ्यावरचा वाणी, पिठाची गिरणी, स्टेशनकडे जाणारा रस्ता शोधा. बहुतेक सापडणार नाही. ज्या रस्त्यावरून आयुष्यभर चाललो, नेमका त्याचाच फोटो आपल्याकडे नसतो.

पूर्वी याला कारण होतं. रोलमध्ये ३६ फोटो बसायचे. रोलचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. त्यातला एक फोटो गिरणीवर कोण खर्च करणार? आज खिशातल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो मावतात, तरी गिरणी त्यात नाहीच. म्हणजे अडचण नुसती पैशांची नव्हती. जे रोज दिसतं ते उद्याही दिसेल, असं आपण धरून चालतो.

मी विलेपार्ल्याला, पूर्वेला राहतो. इथला बिस्किटांचा कारखाना १९२९ साली उभा राहिला आणि २०१६ मध्ये बंद झाला. भाजणाऱ्या बिस्किटांच्या वासावरून पार्लं आलं हे लोकलमधल्या माणसाला कळायचं. वासाचा फोटो काढता येत नाही हे खरं. पण वास गेल्यावर त्याची आठवण टेकवायला निदान एखादं फाटक, एखादी भिंत तरी लागते. जुने बंगले आणि तीन-चार मजली इमारतीही एकेक करून पुनर्विकासात जात आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गळक्या छताखाली राहणाऱ्याला नवं घर हवंच. पण जुनं पाडण्याआधी त्याची नोंद ठेवायला काय हरकत आहे?

म्हणून मी एक नेम धरला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ठरावीक दहा जागी उभं राहायचं आणि ठरावीक दिशेने फोटो काढायचा. हनुमान रोडचं एक वळण, भाजीबाजाराचं तोंड, दीनानाथ नाट्यगृहासमोरचा रस्ता, आमच्या सोसायटीचं फाटक. लोकमान्य सेवा संघ ही १९२३ सालची संस्था. तिच्या वास्तूचे फोटो पुष्कळांकडे असतील. मी चार पावलं मागे सरकतो. मग समोरची रिक्षा, फळवाल्याची हातगाडी, पाटीवरचे भावसुद्धा चौकटीत येतात. वास्तू बरीच वर्षं टिकते, बदलतो तो तिच्या आजूबाजूचा पसारा.

तुम्ही म्हणाल, एखादी गोष्ट जाणार असं कळलं की काढू फोटो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुनी लाल डबलडेकर अंधेरीत शेवटची धावली. त्या दिवशी सजवलेल्या बसभोवती मोबाइल घेऊन केवढी गर्दी! पण तो निरोपाचा फोटो झाला. पावसात भिजून वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडणारी पोरं, पुस्तक वाचत उभा राहिलेला प्रवासी, हे त्या फोटोत नाही. जगण्याचा फोटो साध्या मंगळवारीच काढावा लागतो.

आमच्या शेजारची इमारत रिकामी झाली तेव्हा तिथल्या एक वयस्कर काकू मुलाकडे राहायला गेल्या. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "आमच्या जिन्याचा फोटो आहे का रे तुझ्याकडे?" होता. मोठी प्रिंट काढून नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला आणि लाकडी टपालपेट्यांच्या रांगेवर बोट फिरवत एका पेटीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "ह्यांचं नाव वाचता येतंय." काका जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. पेटी इमारतीबरोबर गेली होती.

पॅरिसमध्ये अॅत्जे नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन तो जुन्या शहरातल्या गल्ल्या, दुकानं, जिने आणि अंगणं टिपत असे. आपल्या कामाला तो कला म्हणत नसे, दस्तऐवज म्हणे. १९२७ साली तो वारला. आज जुनं पॅरिस कसं होतं ते पाहायला लोक त्याचीच चित्रं शोधतात. आपल्याला एवढा खटाटोप नको. आपली एक गल्ली पुरे.

फक्त काही पथ्यं पाळा. माणूस जवळून टिपायचा असेल तर त्याला आधी विचारा. विचारलं की फळवालासुद्धा शर्ट नीट करून हसतो. दुकानाच्या पाट्या वाचता येतील असं बघा. फोटो नुसते मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल बिघडला की सगळंच जातं. दुसरीकडे प्रत ठेवा आणि वर्षाकाठी दहा-वीस तरी छापून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक प्रिंटच्या मागे जागा, तारीख आणि कुठे तोंड करून उभे होतात ते पेन्सिलीने लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी तुमची नात तो फोटो उलटसुलट करील आणि विचारील, "हे कुठलं गाव?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)